गांधीलमाशीचे शास्त्रीय नाव व वर्गीकरण

गोठ्याच्या आढ्याला किंवा कुंपणाच्या झुडपाला देठाने लोंबकळणारे करड्या रंगाचे पोळे शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहे. लाकडाचे तंतू चावून व त्यांत लाळ मिसळून गांधीलमाशी ते कागदासारखे बनविते. परंतु या एकाच नावाने अनेक कीटक ओळखले जातात. त्यांतील मित्र कोणता व उपद्रवी कोणता, हे केवळ त्या नावावरून कळत नाही. यास्तव शास्त्रीय नावाची आवश्यकता असते.

मधमाशी, मुंगी व गांधीलमाशी यांचा हायमेनॉप्टेरा हा गण एकच होय. गांधीलमाशीचे कुल व्हेस्पिडी. बसली असता पंखांची उभी घडी घालणे, हे या कुलाचे ठळक लक्षण होय. यांतील व्हेस्पा प्रजातीच्या काही मोठ्या माश्या मधमाश्यांच्या वसाहतींवर हल्ला करितात. त्यांच्या पोळ्याभोवती बहुधा कागदी आवरण असते. पोलिस्टेस व रोपालिडिया या प्रजाती पोलिस्टिनी उपकुलात मोडतात. भारतातील त्यांची पोळी सामान्यतः उघडी असून घरे खालून स्पष्ट दिसतात. पोलिस्टेसचे पोट दोन्ही टोकांस निमुळते असते, तर रोपालिडियाच्या पोटाचा पहिला भाग देठासारखा बारीक असतो.

शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असतो. प्राण्यांच्या बाबतीत ही नावे लिनीयसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरितात. आपल्याकडील पिवळ्या गांधीलमाशीस डी गीअर यांनी १७७३ साली व्हेस्पा ऑलिव्हेसिया, तर फॅब्रिशिअस यांनी १७८७ साली व्हेस्पा हेब्रिया असे नाव दिले. लात्रेय यांनी १८०२ साली पोलिस्टेस ही प्रजाती स्थापिली व पुढे ही माशी तीत गेली. बिंगहॅम यांच्या १८९७ सालच्या ग्रंथात ती पोलिस्टेस हेब्रियस या नावाने आढळते. तथापि आद्य नावास मान देण्याच्या नियमानुसार पोलिस्टेस ऑलिव्हेसियस हेच नाव आज ग्राह्य आहे. सारांश, जुन्या ग्रंथांतील व नव्या पुस्तकांतील ही माशी एकच होय. जुन्या नावातील व्हेस्पा या शब्दावरून तीस मधमाश्यांची वैरीण समजू नये.

पोलिस्टेस व रोपालिडिया आपल्या पिलांना अळ्या व इतर कीटक मारून भरवितात. म्हणून वर्दळीपासून दूर असलेले त्यांचे पोळे जाळू नये. दारापाशी किंवा मुलांच्या वाटेवर असलेले पोळे मात्र जाणकाराकडून काढवावे. ओळख पटत नसल्यास मेलेली माशी व रिकाम्या पोळ्याचा तुकडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागास दाखवावा.