कुलूप कोणाच्या दाराला?



बाजारातून रीतसर दाम मोजून आणलेली वस्तू घरी आली की ती आपली झाली, असे आपण समजतो. विकत घेतलेले पुस्तक माजघरात वाचावे की ओसरीवर, हे काही प्रकाशक ठरवीत नाही. परंतु साधारणपणे २००१ ते २००७ या काळात युरोप-अमेरिकेतील संगीतप्रेमी लोकांना या समजुतीला धक्का देणारा अनुभव आला. पूर्ण किंमत देऊन आणलेली गाण्याची तबकडी घरातल्या एका यंत्रावर वाजे, दुसऱ्यावर वाजत नसे. मोटारीत ती मुकी राही. आणि संगणकात घातली तर क्वचित संगणकच जागच्या जागी थिजे. कारखान्यात काही चूक झाली होती, असे नव्हे. तबकडी मुद्दामच तशी घडविली होती. हा प्रकार काय होता आणि तो का फसला, हे आज समजावून घेऊ.

प्रथम या तबकडीची रचना पाहिली पाहिजे. आपण जिला सीडी म्हणतो त्या तबकडीचे नियम फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली निश्चित केले, आणि १९८२ साली ती बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीत ध्वनीची लहरच खाचेत उतरलेली असे. येथे मात्र नुसते आकडे असतात. ध्वनीची पातळी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ते आकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने उमटविलेले असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. ओरखडा, धूळ, बोटांचे ठसे यांमुळे काही आकडे वाचता येणार नाहीत, हे रचनाकारांनी आधीच हेरले होते. म्हणून त्यांनी मूळ आकड्यांबरोबर काही जादा आकडे पेरून ठेवले. त्यांच्या आधारे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खंडदेखील यंत्र बिनचूक भरून काढते. खंड याहून मोठा असला, तर ते मागच्यापुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधून वेळ निभावून नेते.

इतकी दूरदृष्टी दाखविणाऱ्यांनी कुलूप मात्र बसविले नाही; कारण १९८२ साली त्याची गरजच नव्हती. एका तबकडीवरील आकड्यांचा साठा त्या वेळच्या घरगुती संगणकाच्या पोटात मावणे शक्य नव्हते. पुढे दीड तपात चित्र पालटले. संगणक सीडी वाचू लागले, कोऱ्या तबकड्या स्वस्त झाल्या, आणि १९९९ साली नॅपस्टर या सेवेने गाण्यांची घरबसल्या देवघेव सुरू करून दिली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्या धास्तावल्या. ही धास्ती अगदीच निराधार होती, असे कोणी म्हणू नये. गायक, वादक, गीतकार आणि मुद्रणालयातील तंत्रज्ञ यांची मिळकत त्या विक्रीवर अवलंबून असते.

मात्र त्यांनी योजिलेला उपाय मुळातच विसंगत होता. जगातल्या घरोघरी असलेल्या जुन्या यंत्रांना नवी तबकडी वाचता आली पाहिजे. पण संगणकाला ती वाचता येऊ नये! दोघेही वाचणार त्याच किरणाने आणि तेच खळगे. मग दोन मार्ग उरले. एक, तबकडीत जाणूनबुजून दोष निर्माण करणे. दुसरा, संगणकातच आपला पहारेकरी बसविणे. कंपन्यांनी दोन्ही मार्ग अनुसरले.

पहिल्या मार्गात तबकडीच्या आरंभी असलेली अनुक्रमणिका बिघडविली जाई, किंवा शेवटी खोट्या माहितीचा एक तुकडा जोडला जाई. काही प्रकारांत तर चुका दुरुस्त करणाऱ्या आकड्यांतच गोंधळ घातला जाई. साधे यंत्र याकडे लक्ष न देता गात राही; चौकस संगणक मात्र गोंधळून जाई. परंतु कित्येक मोटारींत आणि चित्रपटांच्या तबकड्या दाखविणाऱ्या यंत्रांतही संगणकाच्याच जातीची वाचनयंत्रणा होती. तीही अडखळू लागली. याखेरीज आणखी एक तोटा होता, तो सहज ध्यानात येणारा नव्हता. ओरखड्यांसाठी राखलेली दुरुस्तीची शिल्लक या कृत्रिम दोषांनी आधीच खर्ची पडे. दुष्काळासाठी पेवात ठेवलेले धान्य सुगीतच संपवून टाकावे, तसा हा प्रकार. अशी तबकडी इतर तबकड्यांच्या मानाने लवकर निकामी होण्याचा धोका उघडच होता.

अशा तबकड्या मूळ नियमांत बसत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर सीडीचे अधिकृत चिन्ह छापू नये, असे खुद्द फिलिप्स कंपनीने २००२ च्या आरंभी बजावले. त्याच वर्षी सेलीन डिऑन या विख्यात गायिकेची 'अ न्यू डे हॅज कम' ही तबकडी युरोपात अशा बंधनासह निघाली. ॲपलच्या काही संगणकांत ती घातली असता संगणक थिजे आणि तबकडी बाहेर येत नसे. इतका खटाटोप करून उभारलेला हा तट किती भक्कम होता? २००२ च्या मे महिन्यात लोकांना आढळून आले की, तबकडीच्या बाहेरील कडेवर साध्या शाईच्या जाड पेनाने रेघ ओढली, की खोटा तुकडा झाकला जातो आणि बंधन नाहीसे होते.

दुसऱ्या मार्गाची कथा याहून गंभीर आहे. तबकडी संगणकात घालताच तिच्यातील एक कार्यक्रम आपोआप चालू होई आणि नक्कल करण्यास आडकाठी करी. प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलेक्स हॉल्डरमन या विद्यार्थ्याने २००३ साली दाखवून दिले की, तबकडी घालताना संगणकाची 'शिफ्ट' ही कळ दाबून धरली, तर तो कार्यक्रम सुरूच होत नाही. संबंधित कंपनीने खटल्याची धमकी दिली, आणि लगेच ती मागेही घेतली.

मग ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने एक शोध जाहीर केला. सोनी बीएमजी कंपनीची तबकडी ऐकल्यावर त्यांच्या संगणकात एक गुप्त कार्यक्रम येऊन बसला होता. विशिष्ट अक्षरांनी आरंभ होणाऱ्या सर्व फायली तो मालकाच्याच नजरेआड करी. थोड्याच दिवसांत त्या आडोशाचा लाभ घेणारे घातक कार्यक्रमही निघाले. आणि तो काढून टाकण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनाने सुरक्षिततेला नवेच भगदाड पाडले. एकूण ५२ संगीतसंग्रहांच्या सुमारे ४७ लाख तबकड्या निघाल्या होत्या. त्यांपैकी सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या, खटल्यांना तोंड द्यावे लागले, आणि संगणकाची हानी झालेल्या ग्राहकाला १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे २००७ साली मान्य करावे लागले. त्यानंतर हा प्रयोग ओसरला. २००९ साली ॲपलच्या दुकानातील गाणीही निर्बंध काढून विकली जाऊ लागली.

या सर्वांत गैरसोय कोणाची झाली, याचा शांतपणे विचार करावा. जगात एका माणसाने जरी बंधन तोडले, तरी गाणे सर्वत्र पसरण्यास तेवढे पुरेसे असते. ज्याने ते फुकट मिळविले, त्याच्याकडे ना अनुक्रमणिका बिघडली, ना गुप्त पहारेकरी आला. जाच झाला तो दुकानात जाऊन पैसे मोजणाऱ्याला. चोराच्या वाटेवर लावायचे कुलूप गिऱ्हाइकाच्या दाराला लागले.

आपल्या देशातील कायद्याची भूमिका या बाबतीत पुष्कळशी समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५-अ आले. संरक्षक कुलूप तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे, परंतु हक्कभंगाचा हेतू असेल तरच. खासगी वापरापुरत्या उचित व्यवहारालाही कायद्यात जागा आहे. ज्या घरांत वडीलधाऱ्यांनी जमविलेली नाट्यगीते आणि अभंग सीडींवर आहेत, तेथील मंडळींनी हा भेद ध्यानात ठेवावा. तबकडी कधी ना कधी झिजते, आणि ती वाजविणारी यंत्रे तर आताच दुर्मिळ होऊ लागली आहेत.

आज पुष्कळजण तबकडी घेतच नाहीत. मासिक वर्गणी भरून दूरच्या भांडारातले गाणे ऐकतात. सोय मोठी आहे, पण वर्गणी थांबली की भांडाराचे दार मिटते. म्हणून गाण्यासाठी पैसे देताना एवढेच विचारून घ्यावे: मी वस्तू घेत आहे की परवानगी? आणि परवानगी असेल, तर ती केव्हा व कोणाला काढून घेता येईल? कलावंताला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण जो श्रोता तो मोबदला आनंदाने देतो, त्याच्यावर संशय घेऊन कलेचे रक्षण होत नाही.