‘लाल बावटा’ची झील

अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त १ ऑगस्टच्या आसपास मिरवणुका निघतात, व्याख्याने झडतात आणि ‘फकिरा’ कादंबरीची उजळणी होते, मात्र ज्या पथकातून त्यांची शाहिरी गाजली, त्या ‘लाल बावटा कलापथका’च्या संगीताला प्रचाराचे साधन एवढ्यावरच वाटेला लावले जाते.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघा शाहिरांनी कम्युनिस्ट पक्षाचे हे पथक उभे केले. त्या वेळी काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, तर युद्धाला पाठिंबा देणाऱ्या कम्युनिस्ट पक्षावरची बंदी १९४२ मध्येच उठली होती. पथकाला मैदान मोकळे मिळाले ते यामुळे, ही गैरसोयीची बाब जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. गव्हाणकरांचे नावही तेथे क्वचितच निघते.

जुन्या चालीत नवा मजकूर बसवणे ही मराठी मुलखाची मुरलेली रीत आहे. ‘लाल बावटा’ने मात्र चालीबरोबर रचनेलाही हात घातला. तमाशाच्या आरंभी गण, म्हणजे गणेशस्तवन, आणि मग गवळण, म्हणजे कृष्ण व गौळणींची थट्टामस्करी, असा क्रम असे. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन घातले, गवळणीला फाटा दिला आणि वगाला, म्हणजे तमाशातल्या नाट्यभागाला, ऐसपैस जागा करून दिली.

पथकाची खरी ताकद झिलीत होती. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी, म्हणजे साथीला गाणारे, तिचे टोक उचलून ‘जी जी’च्या लांबट सुरात परत करतात, तुणतुण्याची एकच तार आधारस्वर धरून ठेवते आणि डफाची थाप पुढच्या ओळीला वाट काढून देते, तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ओळ मुरते. अमर शेखांचा पहाडी आवाज जितका वाखाणला गेला, तितकी ही सामूहिक कारागिरी कोणी वाखाणली नाही.

१९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, पथकावर बंदी आली आणि ऐन भराचा काळ चार-पाच वर्षांतच आटोपला. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे उडत्या चालीची लावणी, त्यानंतरची, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाने सुरू होणारे हे गाणे त्याच चालीवर, लय न मोडता, महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारच्या विरहापर्यंत जाते, आणि शृंगारातून राजकारणात शिरताना ऐकणाऱ्याला कुठेही सांधा जाणवत नाही. हल्ली ती की-बोर्डवर, एकट्या गायकाच्या तोंडी ऐकू येते तेव्हा झीलच गळालेली असते, आणि मग तिचे निव्वळ विरहगीत होऊन बसते.