टाच टेकेना तेव्हा

आमच्या बोरगाव-सौंसरकडे माणसाचे निम्मे आयुष्य उकिडवे बसण्यात जाते. चुलीपुढे बसावयाचे, बागेत गळालेली संत्री वेचावयाची, शौचास बसावयाचे, तर घोटा पुरता वाकावा लागतो. म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या मुलाची टाच बसताना टेकेनाशी झाली, सपाट अंगणातही तो ठेचकाळू लागला, तर त्याला धांदरट ठरवून मोकळे होऊ नये. वडिलांची वा आत्याची पावले अतिकमानदार आणि बोटे आकसलेली असतील, तर अधिकच सावध व्हावे.

हा आनुवंशिक मज्जाविकार असू शकतो. पॅरिसचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले. तिघांच्याच नावाने तो ओळखला जातो. सुमारे अडीच हजार माणसांत एकास तो आढळतो. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू, म्हणजे पावलांकडे जाणारे, प्रथम क्षीण होतात. पाऊल वर उचलणारे नडगीचे स्नायू दुबळे पडतात, पोटरी मात्र त्या मानाने बळकट राहते. या विषम ओढाताणीत टाचेमागची जाड शीर आखडत जाते. पुष्कळ घराण्यांत आई-वडिलांपैकी एकास विकार असला, तर प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा असतो. (सुनेच्या पायगुणाला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.)

मूळ विकारावर रामबाण औषध अद्याप नाही. घोट्याची लवचिकता मात्र काही अंशी राखता येते. सिडनी येथे २००६ साली झालेल्या प्रयोगात रात्री नुसती आधारपट्टी बांधून लाभ दिसला नाही. तेथेच २०१० साली मुलांना व तरुणांना चार आठवडे रात्री प्लास्टरचे साचे घातले, तेव्हा घोटा इतरांपेक्षा सुमारे चार अंश अधिक वाकू लागला. चार अंश थोडेच खरे. पण ज्याची टाच किंचितच अधांतरी राहते, त्याला विचारावे!

साचा घरी करू नये. पावलांची संवेदना मंद असल्याने घासून जखम झाली तरी कळत नाही. जामसावळीच्या मारुतीला अवश्य जावे, पण नागपूरच्या मज्जातज्ज्ञाकडे जाणे त्यासाठी लांबवू नये. भौतिकोपचार करणाऱ्याकडून भिंतीला हात टेकून, गुडघा ताठ व टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याची रीत नीट शिकून घ्यावी. पाऊल आत कलंडू देऊ नये. आणि रोज रात्री दिव्याजवळ मुलाचे तळवे पाहावेत; काटा रुतला असला, तरी तो सांगेलच असे नाही.