पिंपांतून उमटलेले सूर

वेस्ट इंडीज म्हटलें कीं आपल्या घरांतील तरुणांस क्रिकेट आठवतें. परंतु त्याच बेटांपैकीं त्रिनिदादनें विसाव्या शतकांत जगास एक नवें वाद्य दिलें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. त्याचें नांव स्टीलपॅन. आतां तेथील वादन घरबसल्या पडद्यावर पाहतां येतें. म्हणूनच तें कसें पाहावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. स्टीलपॅन दिसावयास नगाऱ्यासारखें, परंतु त्यावर चामडें नाहीं. तें टाळझांजांप्रमाणें घनवर्गांतलें होय. तेलाच्या ५५ गॅलनी पिंपाचें बूड घणानें ठोकून कढईसारखें खोल करितात, त्यांत सुरांच्या जागा आखून त्या घडवितात, पत्रा तापवितात आणि मग लहान हातोडीनें एकेक सूर लावितात. वाजविण्याच्या काठ्यांस टोकाशीं रबर असतें. उंच सुरांस एकच पिंप पुरतें. खर्जाच्या वादकाभोंवतीं मात्र सहा किंवा त्याहूनही अधिक पिंपें उभीं असतात.

हें वाद्य राजाश्रयानें वाढलें नाहीं. तें बंदीच्या पोटीं जन्मलें. त्रिनिदादमधील आफ्रिकी वंशाचे गुलाम १८३८ मध्यें पूर्णपणें मुक्त झाले. कार्निव्हलच्या सणांत ते मशाली घेऊन, ढोल वाजवीत मिरवूं लागले. ब्रिटिश अधिकाऱ्यांस तें रुचलें नाहीं. १८८१ मध्यें पोलिसांशीं मोठी चकमक झडली आणि १८८४ च्या कायद्यानें ढोलांवर निर्बंध आले. तेव्हां लोकांनीं बांबूचे पोकळ तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. फ्रेंच भाषेंतील ढोलवाचक शब्दावरून त्यास तांबू-बांबू म्हणत. पुढें १९३० नंतर बांबूच्या जोडीस बिस्किटांचे आणि रंगाचे रिकामे डबे आले. पत्र्याचा एक भाग दुसऱ्याहून निराळा वाजतो, हें पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतील पोरांच्या ध्यानीं आलें आणि तालांतून सूर निघाला. विन्स्टन सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स हे त्या प्रयोगकर्त्यांपैकीं कांहीं होत.

परंतु प्रतिष्ठित घरांतून पॅन म्हणजे गुंडांचा नाद मानला जाई. पथकांत दगड-बाटल्यांच्या मारामाऱ्या होत, हेंही खरेंच. त्यामुळें आया मुलांस त्या बाजूस फिरकूं देत नसत. १९५१ मध्यें त्याच वादकांतून निवडलेलें एक पथक लंडनच्या महोत्सवांत वाजवून आलें, आणि लोकांची दृष्टि हळूहळू पालटूं लागली.

या कथेंत हिंदुस्थानचाही एक धागा आहे. १८४५ पासून १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक करारबद्ध मजूर येथून त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार भागांतील होते. त्यांच्याच वंशांतील जित समारू (१९५०–२०१६) यांनीं बसविलेल्या रचनांवर रेनिगेड्स या पथकानें पॅनोरामा स्पर्धा नऊ वेळां जिंकली. ढोल हिरावलेल्यांचें वाद्य आणि मळ्यांवर आणलेल्यांचा वंशज यांची ही भेट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

ही स्पर्धा १९६३ पासून भरते. मोठ्या पथकांत शंभराहून अधिक वादक असतात. वादन मात्र साधारण आठ मिनिटांचें. पडद्यावर आपणांस तीं आठ मिनिटें दिसतात. त्यांमागील कित्येक रात्री दिसत नाहींत. पथकाच्या अंगणास तेथें पॅनयार्ड म्हणतात. त्या अंगणांत रचना तुकड्यातुकड्यानें शिकविली जाते आणि अनेक वादक ती स्वरलिपीवांचून केवळ कानानें पाठ करितात. ज्यांनीं गुरुमुखानें संथा घेतली आहे, त्यांस या परिश्रमाची कल्पना सहज येईल.

म्हणून दुरून पाहणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावींत. नुसती मिरवणूक पाहून त्या लोकांस नाचरे, विलासी ठरवूं नये. जुनें व नवें ध्वनिमुद्रण शेजारीं ठेवून ऐकावें. वादक स्वतः काय सांगतात तें आधीं ऐकावें, परक्यांचे अभिप्राय मागाहून. चित्रण कोणीं केलें आणि चौकटीबाहेर काय राहिलें, हें स्वतःस विचारावें. आणि आपसांतील बोलणें चुकून आपल्या कानीं पडलें, तर तें त्यांच्या अनुमतीवांचून चारचौघांत मांडूं नये. कारण दुसऱ्याच्या अंगणांत आपण पाहुणे असतों, मग तें अंगण हजारों कोसांवर कां असेना.

१९९२ मध्यें स्टीलपॅन त्रिनिदादचें राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झालें, आणि २०२३ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला. ज्या पोरांस घरचे लोक त्या अंगणापासून ओढून आणीत, त्यांच्या हातून हें घडलें. आपल्याही गल्लींत रिकामे डबे बडवणारीं पोरें असतात. त्यांस गप्प करण्यापूर्वीं क्षणभर कान देऊन ऐकलें, तर आपलें कांहीं जाणार नाहीं.