चितेगावची तरुण पिढी आणि तळहातावरील पडदा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेला लागले म्हणजे चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव येते. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली अवतरले, आणि पुढे ज्या कारखान्यांनी ते घरोघर पोहोचविले, त्यांपैकी व्हिडिओकॉनचा कारखाना याच गावचा. त्या काळी आळीतील एका पेटीपुढे लहानथोर दाटीवाटीने बसत. जे एकाने पाहिले तेच सर्वांनी पाहिलेले असे. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. आज त्या परिसरातील तरुणाच्या तळहातावर स्वतःचा स्वतंत्र पडदा आहे.

हा पालट झाला कसा? २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली. परंतु अल्पावधीतच इन्स्टाग्रामच्या 'रील'नी ती जागा व्यापली. या चित्रफितींची मेख अशी की, पाहणाऱ्याचे बोट जेथे क्षणभर थबकते, तशाच प्रकारची चित्रे यंत्र त्याच्यापुढे वाढीत जाते. म्हणून एकाच घरातील दोन भावंडांचे जग निराळे होते, आणि हजारो कोसांवरील अनोळखी तरुणांचे मात्र एक होते.

इंडोनेशियाचेच पाहा. तेथील तरुण मित्रांसह निरुद्देश गप्पा मारीत बसतात, त्यास 'नोंग्क्रोंग' म्हणतात. आपला पार किंवा कट्टा तो हाच. जाकार्ताची मुले 'मी-तू'साठी चिनी बोलीतून आलेले 'गुए-लू' वापरतात, आणि निवांत या अर्थाच्या 'सांताई' शब्दाला मुरड घालून 'सांतुय' म्हणतात. इकडे मराठी मुलगा 'विषय हार्ड' म्हणतो, आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु 'बाजार', 'दुकान', 'हवा' हे शब्दही एके काळी परकेच होते. १९२८ साली इंडोनेशियन तरुणांनीच एका भाषेची शपथ घेतली होती. त्याच भाषेशी आजची मुले खेळतात, तरी ती काही लोपली नाही.

तेव्हा चिंता भाषेची वा पोशाखाची नव्हे. ती वेळेची आणि कामाची आहे. बाप पडदा घडवीत असे आणि त्याचे वेतन घरी आणीत असे. मुलगा पडदा पाहतो, आणि त्याच्या पाहण्याचे मोल जाहिरातदार तिसऱ्यालाच चुकते करतो. ज्या तरुणांनी शेती, स्वयंपाक किंवा गडकिल्ले यांवर स्वतः चित्रफिती करण्यास आरंभ केला, त्यांना विषय मांडावा लागतो, नेमके बोलावे लागते, अनावश्यक ते गाळावे लागते. हे शिक्षणच होय, आणि त्यातूनच एखाद्यास उपजीविकाही सापडते.

म्हणून मुलाचा फोन हिसकावण्यापूर्वी घरातील वडिलांनी घटकाभर त्याच्या शेजारी बसावे, 'आज काय पाहिलेस?' असे विचारावे, आणि मग 'यातले तुला काय करता येईल?' असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाने तुटलेला संवाद जुळेल. दुसऱ्याने पाहणाऱ्या हातांना पुन्हा कामाची आठवण होईल.