तेरा चिन्हे आणि हवे ते नाव

आर्थर ली ॲलनच्या मनगटावर ‘झोडियाक’ कंपनीचे घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर कंपनीचे चिन्ह होते: एक वर्तुळ आणि त्याला उभी-आडवी छेदून बाहेर जाणारी फुली. १९६९ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या वृत्तपत्रांना पत्रे पाठवून खुनांची कबुली देणारा माणूस सहीच्या जागी नेमके हेच चिन्ह काढायचा आणि स्वतःला झोडियाक म्हणवून घ्यायचा. ॲलन राहायला व्हॅलेहो गावात होता आणि पहिले दोन हल्ले त्याच परिसरात झाले होते. घटनास्थळी उमटलेल्या बुटांचे माप त्याच्या पायाशी जुळत होते. एका जुन्या मित्राने पोलिसांना सांगितले होते की, माणसांची शिकार करण्याच्या गोष्टी हा पूर्वीपासून बोलायचा. पुढे लहान मुलावरील अत्याचारासाठी त्याला शिक्षाही झाली.

एवढे वाचले की अंगावर काटा येतो. डेव्हिड फिंचरचा २००७ सालचा ‘झोडियाक’ हा चित्रपट पाहून मी रात्री दोनपर्यंत जागा होतो आणि झोपताना माझी खात्री झाली होती की हाच तो.

आता दुसरी बाजू. डिसेंबर १९६८ ते ऑक्टोबर १९६९ या काळात पाच जणांचा जीव गेला आणि दोघे वाचले. पत्रांत खुनी याहून कितीतरी मोठे आकडे सांगत राहिला, पण पोलिसांनी नक्की धरलेले बळी एवढेच. शेवटचा बळी पॉल स्टाइन. २९ वर्षांचा, शिकता शिकता सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवणारा. त्याच्या टॅक्सीवर सापडलेला रक्ताळलेला ठसा ॲलनच्या ठशांशी जुळला नाही. अक्षरतज्ज्ञाने पत्रांतले हस्ताक्षर त्याचे नाही असे सांगितले. २००२ मध्ये एका पाकिटावरच्या तिकिटापासून मिळवलेला अर्धवट डीएनएही जुळला नाही. पोलिसांनी त्याच्या राहत्या जागेची १९७२ साली झडती घेतली आणि १९९१ साली पुन्हा घेतली, पण खटला उभा राहील असे काही हाती लागले नाही. १९९२ साली तो वारला.

तरीही ॲलनचे नाव सुटत नाही. रॉबर्ट ग्रेस्मिथ ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा राजकीय व्यंगचित्रकार होता. झोडियाकची पत्रे त्याच्याच कचेरीत यायची. त्याने वर्षानुवर्षे कागद जमवले आणि १९८६ साली पुस्तक लिहिले, त्यात ॲलनला टोपणनावाने उभे केले. हौशी शोधकांच्या पिढ्या त्या पुस्तकावर पोसल्या. ठसा जुळत नाही? मग तो टॅक्सीजवळ आलेल्या दुसऱ्याच कुणाचा असेल. अक्षर जुळत नाही? मुद्दाम बदलून लिहिले असेल. तिकीट दुसऱ्या कुणी चाटून लावले असेल. यांतला प्रत्येक खुलासा एकेकटा घेतला तर शक्य कोटीतला आहे. अडचण एवढीच की असे खुलासे जोडून कुणालाही झोडियाक ठरवता येते.

या हौशी मंडळींना मी कमी लेखत नाही. या प्रकरणात जी दोन कामे खरोखर तडीस गेली, ती त्यांनीच तडीस नेली आहेत. ३१ जुलै १९६९ रोजी झोडियाकने ४०८ चिन्हांचा सांकेतिक मजकूर तीन तुकड्यांत तीन वृत्तपत्रांना पाठवला. तो सोडवला सलिनास गावच्या डोनाल्ड आणि बेटी हार्डन या जोडप्याने. डोनाल्ड शाळेत शिकवायचा. बेटीने आधी असले काही केलेलेही नव्हते, पण अचूक अंदाज तिचाच. इतका आत्मप्रौढ माणूस मजकुराची सुरुवात ‘मी’नेच करणार आणि ‘मारणे’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरणार, असे तिने धरले. तेवढ्या धाग्यावरून काही दिवसांत जवळजवळ सगळा मजकूर उलगडला.

दुसरा मजकूर ३४० चिन्हांचा, ८ नोव्हेंबर १९६९चा. तो ५१ वर्षे कुणाला दाद देईना. डिसेंबर २०२० मध्ये तिघांनी तो सोडवला: अमेरिकेतला प्रोग्रामर डेव्हिड ओरानचॅक, ऑस्ट्रेलियातला गणितज्ञ सॅम ब्लेक आणि बेल्जियममध्ये गोदामात काम करणारा यार्ल व्हान आयके. एका ओळीत १७ चिन्हे, अशा २० ओळी. एकेका अक्षराला अनेक चिन्हे वापरलेली, त्यामुळे कुठले चिन्ह किती वेळा आले हे मोजून काहीच साधत नव्हते. शिवाय मजकूर सरळ वाचायचाच नव्हता. ब्लेकने वाचण्याचे सुमारे साडेसहा लाख क्रम संगणकाला दिले. त्यातल्या एका क्रमात चिन्हे बुद्धिबळातल्या घोड्यासारखी चालत होती: एक घर खाली, दोन घरे उजवीकडे. तीच आपली अडीच घरांची चाल. पडद्यावर शब्द दिसू लागले. टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोललो तो मी नव्हेच, असे खुनी त्यात सांगत होता. २२ ऑक्टोबर १९६९ला झोडियाक म्हणवणाऱ्या कुणीतरी खरोखरच एका कार्यक्रमात फोन केला होता. पत्र टपालात पडले ते त्यानंतर १७ दिवसांनी. उत्तराने स्वतःची साक्ष स्वतःच दिली होती. एफबीआयनेही ते मान्य केले.

नाव मात्र दोन्ही मजकुरांत नाही.

नाव असल्याचा दावा आहे तो एप्रिल १९७०च्या पत्रात. ‘माझे नाव’ असे लिहून पुढे फक्त १३ चिन्हे काढली आहेत. त्यांत काही चिन्हे पुन्हा येतात, एक तर तीनदा येते. संकेतशास्त्राचा साधा नियम आहे: मजकूर फार छोटा असेल तर उत्तर एकच निघत नाही, अनेक निघतात, आणि त्यांतले खरे कुठले हे मजकूर सांगू शकत नाही. ३४० चिन्हांत चुकीचा क्रम लावला की हाती गोंधळ येतो आणि चूक कळते. १३ चिन्हांत थोडी ओढाताण केली की मनातले नाव बसते. ज्याच्यावर संशय, त्याचेच नाव तिथे निघते. अशी कितीतरी नावे आजवर निघाली आहेत.

संशयितांचे नेमके हेच होते. कोणत्याही माणसाचे आयुष्य जवळून चाळा, त्यात एखादे घड्याळ, एखादे बुटाचे माप, एखादी रागाची रात्र सापडतेच. सगळ्यात अस्वस्थ करतात ती आपल्या वडिलांवरच बोट ठेवणारी माणसे. २०१४ साली अशा एका मुलाचे पुस्तक गाजले. ज्या वडिलांनी त्याला तान्हेपणी टाकून दिले, त्यांना तो पोलिसांच्या रेखाचित्रात पाहत होता. २०२० साली त्याच पुस्तकावर निघालेल्या माहितीपट मालिकेने एकेक पुरावा तपासला आणि दावा तिथेच कोसळला. त्या माणसाला मला हसावेसे वाटत नाही. बाप का सोडून गेला या प्रश्नाला त्याला उत्तर हवे होते.

कॅलिफोर्नियातलाच दुसरा एक खुनी, ‘गोल्डन स्टेट किलर’, २०१८ साली सापडला, तो संशयितांच्या याद्यांतून नव्हे. मिशेल मॅकनमारा या लेखिकेने त्या प्रकरणासाठी जिवाचे रान केले, पण अटकेआधी दोन वर्षे ती गेली. पोलिसांनी जुन्या डीएनएवरून दूरच्या नातेवाइकांचा वंशवृक्ष मांडला आणि तो जोसेफ डीअँजेलोपाशी येऊन थांबला. ७२ वर्षांचा माजी पोलीस. तोवर त्याच्यावर कुणाचा संशयही गेला नव्हता.

हे सगळे वाचताना मला मुंबई आठवत राहिली. १९८५पासून दोनेक वर्षे शीव आणि किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर एकट्याने झोपलेल्या माणसांची डोकी रात्री दगडाने ठेचली जात होती. डझनभर माणसे गेली. १९८९ साली कलकत्त्यात तसेच घडले आणि ‘स्टोनमॅन’ हे नाव पडले. दोन्हीकडचा खुनी सापडला नाही. तो एकच होता की वेगवेगळे, हेही ठरले नाही. त्याने पत्रे लिहिली नाहीत, कोडी घातली नाहीत. मेलेल्यांपैकी कित्येकांची ओळखही पटली नाही. त्याच्या संशयितांसाठी कुणी रात्री जागवत नाही, पुस्तकांवर पुस्तके निघत नाहीत. मला ॲलनच्या बुटाचे माप ठाऊक होते, साडेदहा. शीवच्या फुटपाथवर मेलेल्या एकाचेही नाव ठाऊक नव्हते, आजही नाही.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला शीव स्टेशनवर उतरून मी किंग्ज सर्कलपर्यंत चालत गेलो. दुकानांची शटर पडली होती. एका बंद दुकानापुढे पुठ्ठा अंथरून एक माणूस झोपला होता, चपला उशाशी आणि चादर डोक्यावरून ओढलेली.