दुकानाच्या गाडीचा क्लच घरच्या अंगणात

घाऊक बाजारातून माल उचलायचा आणि पेठेतल्या दहा-बारा दुकानांपुढे थांबत थांबत तो पोहोचवायचा, हा ज्या गाडीचा नित्यक्रम, तिचा क्लच लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षा लवकर झिजतो. मग एके दिवशी भरलेली गाडी खंबाटकीच्या चढाला लागते. इंजिनाचा आवाज वाढत जातो, वेग मात्र वाढत नाही आणि आत जळका वास पसरतो. घरी परतल्यावर निदान ठरलेले असते : क्लच गेला.

हे निदान खर्चाआधी तपासून घेणे व्यापाऱ्याच्या हिशेबी स्वभावाला धरूनच आहे. केबलवर चालणाऱ्या क्लचच्या पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असावी लागते. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होते. ती संपली, की क्लच कायम अर्धवट दाबलेल्या अवस्थेत राहून घसरू लागतो. केबलचा नट सैल करून चाल परत मिळाली व घसरणे थांबले, तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण उरत नाही. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये घरघर ऐकू येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, असे असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा असतो. तेथे नवी क्लच प्लेट घालूनही आवाज तसाच राहील.

घरी हे काम करावयाचे, तर गाडीही तशी हवी. 1984 साली बाजारात आलेली आणि 2019 मध्ये उत्पादन थांबलेली मारुतीची व्हॅन, म्हणजेच ओम्नी, आजही अनेक दुकानांच्या दारात उभी दिसते. तिचे 796 सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असून शक्ती प्रॉपेलर शाफ्टमार्फत मागच्या चाकांना मिळते. त्यामुळे गिअरबॉक्स खालून मागे सरकवून उतरविता येतो; पुढची चाके, त्यांचे शाफ्ट यांना धक्का लागत नाही. पायाऐवजी यंत्राने क्लच दाबला जाणाऱ्या एएमटी गाडीत मात्र नवा क्लच बसविल्यावर स्कॅनर जोडून मापे पुन्हा शिकवावी लागतात. तसली गाडी अंगणात उघडू नये हेच बरे.

खरा प्रश्न पान्यांचा नसून जिवाचा आहे. हायड्रॉलिक जॅक दाब सोडू शकतो, म्हणून तो उचलण्यापुरताच वापरावा. गाडीचा भार लोखंडी स्टँडवर, आणि स्टँड घट्ट सपाट फरशीवर. विटांची चळत हा आधार नव्हेच. वीट पूर्वसूचना न देता फुटते. याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी, की प्रॉपेलर शाफ्ट काढल्याक्षणी ‘गाडी गिअरमध्ये आहे’ या भरवशाला अर्थ उरत नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. ती चाके उचलली, तर तोही निरुपयोगी. म्हणून पुढची बाजू उचलावी, मागची चाके जमिनीवर ठेवून त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावावेत. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवले, तर शेवटचा अडसर तयार होतो. घरात दुसरे मोठे माणूस नसताना खाली शिरूच नये, आणि अंगणात मुले खेळत असतील तर त्या दिवशी काम काढू नये.

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. शाफ्टच्या जोडावर खूण करून तो काढावा; गिअरबॉक्सच्या मागून तेल गळेल, त्यासाठी परात आधीच ठेवावी. क्लच व स्पीडोमीटरच्या केबल, गिअरची जोडणी, सेल्फ हे सुटे करावे. मागचा आडवा आधार काढण्यापूर्वी इंजिनाखाली लाकूड ठेवून टेकू द्यावा. गिअरबॉक्स पाठीवर झोपून छातीवर पेलण्याचा मोह अनेकांना होतो. तो जॅकवरच उतरवावा. आतली काळी भुकटी फुंकरीने वा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

एवढे उघडल्यावर केवळ प्लेट बदलणे ही खोटी काटकसर होय. श्रम उतरविण्याचे आहेत, भागाचे नाहीत. प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही, कारण तेलाने भिजलेली नवी प्लेट पहिल्या चढालाच घसरते. फ्लायव्हीलवर खोल चरे वा निळसर डाग दिसल्यास ते लेथवाल्याकडे न्यावे. नवी प्लेट मध्यात धरून ठेवणारी दांडी वापरावी, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. गिअरबॉक्स परत बसविताना तो दोन्ही बाजूंनी सारखा भिडला पाहिजे. बोल्ट आवळून तो ओढून घेण्याचा प्रयत्न केला, की कवच तडकते. भिडत नसेल तर प्लेट मध्यात नाही, एवढेच समजून पुन्हा काढावे.

सवय नसलेल्या दोघांना या कामास शनिवार-रविवार दोन्ही लागतात. सोमवारचा माल त्या गाडीवर अवलंबून असेल, तर भाड्याचा टेम्पो आधीच सांगून ठेवावा. घाईत आवळलेला बोल्ट गॅरेजच्या मजुरीपेक्षा महाग पडतो. काढलेले जुने तेल गटारात न सोडता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. स्टँड काढण्यापूर्वी गिअरबॉक्समध्ये तेल भरल्याची खात्री करावी, पेडलची मोकळी चाल मोजावी आणि पहिली फेरी रिकाम्या गाडीनेच, घराजवळच्या सपाट रस्त्यावर मारावी.